लग्नाच्या जेवणात जुने वर्गमित्र आणि सहकारी भेटतात तेव्हा: आधी, तिथे आणि नंतर काय करावं

पंधरा-वीस वर्षांनी एखादा वर्गमित्र समोर येतो, किंवा जुन्या ऑफिसात शेजारी बसणारी बाई लांबून हात करते. मग "काय, कसं काय?", "मजेत, तू?", "बाकी काय?" यात दहा मिनिटं निघून जातात. तेवढ्यात कोणीतरी जेवायला हाक मारतं, "भेटू एकदा" म्हणून दोघं पांगतात आणि पुढची भेट पुढच्या लग्नावर जाते.

तरीही मुद्दाम ठरवलेल्या गेट-टुगेदरपेक्षा लग्नातली भेट मला सोयीची वाटते. गेट-टुगेदरला प्रत्येक जण आपलं कसं उत्तम चाललंय ते दाखवायच्या तयारीने येतो. लग्नात तुमच्यासाठी म्हणून कोणीच आलेलं नसतं. भेट आपसूक होते आणि नकोशी वाटली तर उठून जायला शंभर कारणं असतात. अडचण एवढीच की वेळ कमी, आवाज फार आणि समारंभ दुसऱ्याचा. म्हणून वीस वर्षांचं सगळं तिथेच बोलून घ्यायच्या फंदात पडू नये. दोन-तीन माणसांशी मनापासून चार वाक्यं झाली, नंबर मिळाला आणि आठवड्याभरात पुढचं बोलणं झालं, की काम झालं. पुढे लिहिलंय ते या हिशेबाने.

जाण्यापूर्वी

कोण कोण येणार याचा अंदाज आधी घ्या. यजमानांना विचारू नका, त्यांच्यामागे आधीच हजार कामं असतात. दोघांच्या ओळखीतल्या एखाद्याला विचारा. नावं कळली की त्यातली दोन, फार तर तीन माणसं मनाशी ठरवा, ज्यांना भेटलो नाही तर चुटपुट लागेल अशी. बाकीच्यांशी हसून बोलायचंच आहे, पण वेळ या दोघा-तिघांसाठी राखायचा.

नंबर असेल तर आदल्या दिवशी एक ओळ पाठवा: "उद्या लग्नाला मी आहे. तूही असशील तर जेवणाआधी भेटू." म्हणजे गर्दीत योगायोगाची वाट बघावी लागत नाही, आणि समोरच्यालाही तुमचा आताचा चेहरा डीपीवर बघून ठेवता येतो.

मग जुना वर्गाचा फोटो किंवा ऑफिसातला ग्रुप फोटो शोधून पाच मिनिटं बघा. याला भक्कम कारण आहे. मानसशास्त्रज्ञ हॅरी बारिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली ३९२ जणांना त्यांच्या शाळासोबत्यांबद्दल विचारलं होतं. शाळा सोडून पंधरा वर्षं झाली तरी चेहरे आणि नावं समोर ठेवली की सुमारे ९० टक्के ओळखता येत होती. जवळजवळ पन्नास वर्षांनंतरही चेहऱ्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होतं. मात्र काहीही समोर न ठेवता नावं आठवून सांगा म्हटल्यावर निकाल कितीतरी खाली गेला. थोडक्यात, नावं डोक्यात असतात, फक्त हाक मारल्याबरोबर बाहेर येत नाहीत. फोटो आणि नावांची यादी एकदा नजरेखालून घातली की ती वर येऊन बसतात.

यापुढची चौकशी जरा नाजूक आहे. मधल्या वर्षांत कोणाचे आईवडील गेलेत, कोणाचा संसार मोडलाय, कोणाची नोकरी गेलीय, कोण मोठ्या आजारातून उठलंय. हे माहीत नसताना "मिसेस नाही आल्या?" असं सहज विचारलं जातं आणि समोरचा माणूस गप्प होतो. एका विश्वासू मित्राला एवढंच विचारा: "त्याच्याशी बोलताना काही सांभाळायला हवं का?" तपशील खोदायचे नाहीत. कुठे पाय ठेवायचा नाही ते कळलं तरी पुरे.

आणि "सध्या काय करतोस?" या प्रश्नाचं स्वतःचं उत्तर तयार ठेवा. सगळं सुरळीत असेल त्याला हे हास्यास्पद वाटेल. पण नोकरी सुटलेली असेल, धंदा बसलेला असेल, घटस्फोट झालेला असेल, तर हाच प्रश्न टाळण्यासाठी कित्येक जण लग्नालाच जात नाहीत. उत्तर दोन वाक्यांचं असावं. पहिल्यात खरी गोष्ट, दुसऱ्यात समोरच्याकडे वळण. "ती कंपनी सोडली, सध्या नवीन शोधतोय. तू अजून त्याच लाइनमध्ये?" किंवा "आता मी आणि मुलगी, दोघीच राहतो. तुझी मुलं केवढी झाली?" सरळ आवाजात सांगितलं की विषय तिथेच थांबतो. गुळमुळीत उत्तर दिलं की ऐकणाऱ्याला वास लागतो आणि तो आणखी चार प्रश्न टाकतो. घरी एकदा मोठ्याने म्हणून बघा. वाक्य तोंडात बसलेलं असलं की ऐनवेळी आवाज कापरा होत नाही.

पोचल्यावर

शक्यतो थोडं लवकर जा. आधी यजमान, मग नवरा-नवरी, त्यानंतर तुमचे मित्र. हा क्रम चुकवून कोपऱ्यात गप्पांचा फड जमवलेली टोळी सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. गप्पांसाठी सगळ्यात चांगली वेळ म्हणजे पोचल्यापासून जेवण वाढलं जाईपर्यंतची. लोक ताजे असतात, हात मोकळे असतात, मुलं अजून कंटाळलेली नसतात. नवरा-नवरीला भेटायच्या रांगेत तर समोरचा दहा मिनिटं हलू शकत नाही, त्याचा फायदा घ्या. जेवण झाल्यावर प्रत्येकाचं लक्ष घड्याळाकडे आणि घरी कसं जायचं याकडे असतं.

"ओळखलंस का?" हे विचारू नका

लग्नातल्या भेटीतला सगळ्यात जाचक प्रश्न हाच. विचारणारा मौजेत असतो. ज्याला विचारलं त्याची मात्र भर हॉलमध्ये तोंडी परीक्षा सुरू होते. त्यात "नाही ना ओळखलंस? बघ, विसरलास!" ही पुढची पायरी आली की त्या माणसाला पुढच्या गप्पांत रसच उरत नाही.

करायचं ते अगदी उलट. जवळ जाताच स्वतःचं नाव आणि ओळखीची एक खूण आपणहून सांगा: "मी अमुक. दहावीला तुझ्या मागच्या बेंचवर होतो." "मी अमुक, अकाउंट्सला होते, आपण एकाच बसने यायचो." नाव, जागा, प्रसंग. समोरच्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसेल आणि बहुधा तोही आपलं नाव सांगून टाकेल, म्हणजे तुमचाही प्रश्न मिटला.

तुम्हालाच नाव आठवत नसेल तर? याची फार लाज बाळगायचं कारण नाही. माणसाचा चेहरा, स्वभाव, धंदा लक्षात राहतो आणि नाव तेवढं निसटतं, हा सार्वत्रिक अनुभव आहे. १९८७ साली झालेल्या एका प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे दाखवून त्यांची आडनावं आणि व्यवसाय शिकवले गेले. काही शब्द असे निवडले होते, की तोच शब्द आडनावही होऊ शकेल आणि व्यवसायही. आपल्याकडच्या सुतार किंवा सोनार यांसारखे. शब्द एकच असूनही व्यवसाय म्हणून सांगितला तर तो लक्षात राहिला, आडनाव म्हणून सांगितला तर विसरला गेला. तेव्हा "चेहरा पक्का आठवतोय, आपण कॅन्टीनमध्ये बसायचो तेही आठवतंय, नाव तेवढं सांग" असं पहिल्याच मिनिटात म्हणून टाका. जे आठवतंय ते आधी आणि जे आठवत नाही ते नंतर. पंधरा मिनिटं "अरे मित्रा", "काय मग साहेब" करत काढल्यावर नाव विचारणं फार कठीण जातं. आणि त्याच क्षणी तुमची बायको किंवा नवरा शेजारी येऊन उभा राहतो, ओळख करून द्यायची वेळ येते.

त्यावर जोडप्यांनी आधीच एक संकेत ठरवून ठेवावा. मी दहा सेकंदांत ओळख करून दिली नाही, तर तू आपणहून हात पुढे करून स्वतःचं नाव सांग. समोरचा आपोआप त्याचं सांगतो.

काय विचारावं, काय नाही

पगार, वजन, केस, "अजून लग्न नाही?", "दुसरं कधी?", "घर स्वतःचं की भाड्याचं?" ही प्रश्नावली घरीच ठेवून या. "किती बारीक झालास!" सुद्धा नको. बारीक होण्यामागे काय आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं.

त्याऐवजी असं काही विचारा की ज्याचं उत्तर एका शब्दात देता येणार नाही आणि ज्यात तुलनाही येणार नाही. "तू तेव्हा चित्रं काढायचास, अजून काढतोस?" "आपल्या त्या बॅचमधलं कोण भेटतं तुला?" "हल्ली दिवस कशात जातो?" यातला पहिला नमुना मला सगळ्यात आवडतो, कारण त्यातून कळतं की तुम्हाला तो माणूस म्हणून आठवतोय, हजेरीपटावरचं नाव म्हणून नव्हे. असं एकेक आठवून नेता आलं तर उत्तमच.

मात्र पहिल्या प्रश्नापेक्षा दुसरा महत्त्वाचा. उत्तरातला एखादा शब्द पकडून पुढचं विचारणं. "शेती बघतोय" असं तो म्हणाला, तर "अरे वा" म्हणून आपल्या प्रमोशनवर येऊ नका. "शहर सोडून गेलास? कधी?" असं विचारा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅरेन हुआंग आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात हेच दिसलं होतं: जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला अधिक आवडतात आणि त्यातही उत्तरावरून पुढचा प्रश्न काढणारी विशेष. फक्त उलटतपासणी होऊ देऊ नका. दोन प्रश्नांमागे एखादी गोष्ट स्वतःची सांगा.

वर्गमित्र वेगळे, सहकारी वेगळे

दोघांना एकाच तराजूत तोलू नये. वर्गमित्राने तुम्हाला घडायच्या आत पाहिलेलं असतं. तिथे अरे-तुरे सहज येतं, आठवणींचा साठा मोठा असतो आणि धोकाही त्यातच असतो. टोपणनावं, नापास झालेलं वर्ष, मार खाल्लेला प्रसंग, कोणाच्या मागे कोण होतं, हे त्याच्या बायकोसमोर, मुलांसमोर किंवा हाताखालच्या माणसांसमोर काढायचं नाही. टोपणनाव त्याने स्वतः वापरलं तरच तुम्ही वापरा. कित्येक टोपणनावं ठेवणाऱ्यांना गोड वाटतात आणि ज्याच्यावर चिकटली त्याने ती पुसण्यात उमेद घालवलेली असते. शाळेची आठवण काढायचीच तर स्वतःच्या फजितीची काढा, ती कायम चालते.

सहकाऱ्यांच्या बाबतीत गोष्ट निराळी. तिथे नातं कामातून आलेलं असतं आणि काम संपल्यावर नेमकं काय उरलं हे दोघांनाही ठाऊक नसतं. जुन्या साहेबांना "सर" म्हणत राहावं का? माझ्या मते पहिल्या भेटीत हो. त्यांनी "आता कसला सर" म्हटलं तर बघू. उलट तुम्ही स्वतः साहेब होता आणि हाताखालचा मुलगा आज तुमच्याही वर गेलाय, तर पहिलं वाक्य जपून टाका. "आमच्या हाताखाली शिकलाय हा" असं चारचौघांत म्हणू नका. त्याने आपणहून म्हटलं तर त्याचा मोठेपणा. आणि पूर्वी "अहो" म्हणत असाल तर एकदम "तू" वर उतरू नका, विशेषतः बाई-पुरुषांमध्ये. समोरून "अगं, अहो काय करतेस?" आलं की मग मोकळेपणाने बदला.

जुन्या ऑफिसची निंदा हा सहकाऱ्यांना जवळ आणणारा सगळ्यात सोपा विषय असतो आणि त्या रात्रीपुरता तो रंगतोही. पण मांडवात आणखी कोण कोणाचा नातेवाईक आहे ते तुम्हाला माहीत नसतं. नवऱ्याचे काका त्याच कंपनीत असू शकतात. शिवाय ज्यांना कामावरून कमी केलं आणि ज्यांना ठेवलं, असे दोघेही एकाच टेबलावर असतील तर "बरं झालं सुटलास" हे वाक्य दोघांनाही लागतं. त्या ऑफिसातली माणसं, चहाच्या सुट्ट्या, रात्री उशिरापर्यंत थांबून संपवलेलं एखादं काम, यावर बोला.

कुठे आणि कितीजणांत बसावं

बोलण्याचं टोळकं साधारण चार जणांपर्यंतच एकसंध राहतं. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली नोंदवलेलं हे निरीक्षण कोणत्याही लग्नात पडताळून बघता येतं. पाचवा-सहावा आला की दोन गट पडतात, किंवा एक जण भाषण करतो आणि उरलेले ऐकतात. म्हणून आठ-दहा जुने मित्र एकदम एका टेबलावर कोंबू नका. ज्याच्याशी खरं बोलायचंय त्याच्या शेजारी बसा. समोर बसलात तर मध्ये टेबल, ताटं आणि गाणी.

गाण्यांच्या आवाजाचंही गणित आहे. आजूबाजूला गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एटिएन लोम्बार्ड यांनी १९११ साली याचं वर्णन केलं होतं. सगळेच आवाज चढवतात, गोंगाट आणखी वाढतो आणि अर्ध्या तासात घसे बसतात. लाऊडस्पीकरपासून सर्वांत लांबची भिंत, व्हरांडा किंवा पार्किंगकडे जाणारी वाट गाठा. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी तर हे आवश्यकच. एका बाजूला भिंत असेल अशा जागी त्यांना बसवा आणि चेहरा दिसेल असं बोला.

सोबतच्या माणसाचं काय

तुमच्या जुन्या गप्पांत तुमचा नवरा किंवा बायको ताट घेऊन अर्धा तास मुकाट उभी असते. ओळख करून देताना नुसतं नाव सांगू नका, त्या दोघांना बोलता येईल असा दुवा द्या: "हीसुद्धा पोहते, तुझ्यासारखीच." आठवण सांगताना मागची गोष्ट दोन वाक्यांत सांगा. आणि निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा की अमुक वेळ तुझ्या माणसांचा आणि अमुक वेळ माझ्या. मुलं बरोबर असतील तर पाळी लावा.

ज्याला भेटायचं नाही तोही भेटतो

पैसे घेऊन परत न केलेला, शाळेत छळणारा, कामाचं श्रेय लाटणारा, किंवा जिच्याशी एकेकाळी लग्न व्हायचं होतं ती. लग्नाच्या जेवणात जुने हिशेब काढायचे नाहीत, एवढाच नियम. दुसऱ्याच्या घरचं कार्य आहे. मान हलवून "बरे आहात ना?" म्हणून पुढे जायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. गळाभेट, फोटो, एकत्र जेवण यातलं काहीही सक्तीचं नाही. कोणी हौसेने "या दोघांना एकत्र बसवा रे" म्हणालं तर "नवरा-नवरीला भेटून येतो" हे वाक्य हाताशी ठेवा. तुम्हालाच माफी मागायची असेल, तरीही इथे नको. नुसतं म्हणा, "तुझ्याशी एकदा निवांत बोलायचंय, फोन केला तर चालेल?" आणि उत्तर "नको" असेल तर ते ऐका.

काम मागायचं असेल तर

जुन्या ओळखींतून नोकऱ्या मिळतात हे खरंच आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी सत्तरच्या दशकात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं, की ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार, असं सांगणारे १७ टक्क्यांच्या आत होते. बाकीच्यांचा दुवा अधूनमधून किंवा क्वचित भेटणारा होता. कारण सोपं आहे. रोजच्या मित्रांना जे माहीत ते तुम्हालाही माहीतच असतं. २०११ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात मॅनेजरना किमान तीन वर्षं संपर्क नसलेल्या जुन्या ओळखींचा सल्ला घ्यायला सांगितलं होतं, आणि तो उपयोगी निघाला. नव्या गोष्टी कळल्या आणि जुना विश्वासही शाबूत होता.

पण म्हणून ताटावर बायोडेटा काढू नका. विमा, प्लॉट, मुलाच्या ॲडमिशनची शिफारस, तुमचं नवं दुकान, यातलं काहीच नको. परिस्थिती एका वाक्यात सांगा आणि विनंती फोनवर ठेवा: "मी सध्या बदल शोधतोय. तुझ्या क्षेत्राबद्दल थोडं विचारायचं होतं, पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं देशील?" जेवताना "बघतो" म्हणण्याशिवाय त्याच्या हातात काही नसतं. फोनवर तो खरं उत्तर देऊ शकतो.

निरोप आणि नंबर

संभाषण नेमकं कधी संपवावं हे जवळजवळ कोणालाच जमत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९३२ संभाषणं तपासली, तर दोघांनाही हवं तेव्हा संपलेली जेमतेम २ टक्के निघाली. तेव्हा रंगात असतानाच उठा. "तुला भेटून फार बरं वाटलं, आता जरा त्यांना भेटून येतो" एवढं पुरे. खोटा फोन आल्याचं नाटक कळतं.

"नंबर दे, मी मेसेज करतो" यावर विसंबू नका. तिथल्या तिथे मिस्ड कॉल द्या आणि नावापुढे खूण लिहून सेव्ह करा, कारण त्याच नावाची आणखी चार माणसं फोनमध्ये असतात. एक फोटो काढा. पाठवायला निमित्त होतं. मात्र तो विचारल्याशिवाय सगळ्या जगाला दाखवू नका. आपण लग्नाला होतो हे प्रत्येकाने प्रत्येकाला सांगितलेलं नसतं. गाडीत बसल्यावर, विसरायच्या आत, कळलेल्या दोन-तीन गोष्टी टिपून ठेवा: मुलीची परीक्षा, वडिलांचं ऑपरेशन, नवं घर.

पुढचे सात दिवस

बहुतेकांची गाडी इथेच अडते. भेट चांगली झाली तरी घरी आल्यावर वाटतं, "मी फारच बडबडलो, त्याला कंटाळा आला असेल." मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली दाखवून दिलंय की पहिल्या संभाषणानंतर लोक, आपण समोरच्याला किती आवडलो, याचा अंदाज खऱ्यापेक्षा कमीच करतात. जुन्या ओळखींच्या बाबतीतही संकोच असतोच. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना जुन्या मित्राला मेसेज लिहायला वेळ दिला होता. पत्ता होता, इच्छा होती, समोरच्याला आवडेल असं वाटतही होतं. तरी पाठवणारे एक तृतीयांशाहून कमी निघाले. आधी रोजच्या मित्रांना दोन-चार मेसेज पाठवून हात बसवला, तेव्हा ते प्रमाण बरंच वाढलं. युक्ती फुकटची आहे, वापरा.

दोन-तीन दिवसांत पाठवा. सुप्रभातचं चित्र नको, "छान वाटलं भेटून" एवढंच नको. तिथे झालेल्या बोलण्यातलं काहीतरी घ्या: "तू त्या मास्तरांची नक्कल केलीस ती घरी सांगितली, सगळे हसून बेजार. फोटो पाठवतोय. मुलीचा पेपर कसा गेला?" उत्तर आलं की "भेटू कधीतरी" म्हणू नका, वार सांगा: "पुढच्या रविवारी सकाळी चहाला वेळ आहे का?" लांब राहत असेल तर फोनची वेळ ठरवा.

उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आणखी विचारा, मग सोडून द्या. लोकांच्या घरात काय चाललेलं असतं ते आपल्याला दिसत नाही.

लग्नाहून येताच "जुने दिवस" नावाचा ग्रुप काढून पन्नास जणांना त्यात घालायची घाई मात्र करू नका. आठवडाभर फोटो, मग फॉरवर्ड, मग राजकारण, मग शांतता. ग्रुप हवाच असेल तर आधी एकेकाला विचारा, आणि काढण्यापूर्वी पुढच्या भेटीची तारीख व जागा ठरवा. म्हणजे ग्रुपला बोलायला विषय असेल आणि ती भेट पार पडल्यावर तो बंद करायलाही कोणाची हरकत नसेल.